गळलेली ओळ

आमच्या घरांत रात्रीं दहानंतर दिवे मालवावे असा वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ आहे. गेलीं तीन वर्षें माडीवरच्या एका खोलींत मात्र तो पाळला जात नाहीं. ती खोली आमच्या धाकट्या बंधूंच्या सुनेची. दिवसां ती एका कंपनींत संगणकाचें काम करते. त्याचा पगार येतो, आणि त्याबद्दल घरांत कोणाचें कांहीं म्हणणें नाहीं. पण रात्रीं दहापासून बारा-एकपर्यंत ती जें करते त्याची दमडीही मिळत नाहीं, हें तिच्या सासूबाईंस कळलें तेव्हां प्रकरण आमच्याकडे आलें. एकत्र कुटुंबांत वडील पुरुषाच्या वांट्यास आतां दोनच कामें उरलीं आहेत. लग्नपत्रिकेंत नांव छापून घेणें आणि समजूत घालणें. तेव्हां २०२५ सालच्या फेब्रुवारींतील एका रात्रीं आम्ही जिना चढून समजूत घालावयास गेलों.

‘सूनबाई, इतकें जागून तूं करतेस तरी काय?’

‘अण्णा, लोकांनीं लिहिलेलें सॉफ्टवेअर बांधतें.’

बांधणें म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढें गांठोडें आलें, आणि पुढील दोन तासांत असें दिसून आलें कीं, तें फारसें चुकीचें नव्हतें. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. संस्कृत वडिलांपाशीं व पाठशाळेंत झालें, आणि चौतीस वर्षें शाळेंत तेंच शिकविलें. संगणकाशीं आमचा संबंध पेन्शन जमा झालें कीं नाहीं हें पाहण्यापुरता. म्हणून सूनबाईनें जें सांगितलें आणि आम्हांस जेवढें समजलें तेवढेंच येथें देतों.

हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लायनक्स नांवाचा गाभा लिहून जगास खुला केला. पण नुसत्या गाभ्यावर संसार होत नाहीं. निरनिराळ्या देशांतील लोकांनीं लिहिलेलीं हजारों लहानमोठीं सॉफ्टवेअरें गोळा करून, एकमेकांशीं जुळवून, तपासून लोकांच्या हातीं द्यावीं लागतात. अशा जुळविलेल्या संग्रहास डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. त्यांतील एक फार जुना व मान्यता पावलेला संग्रह म्हणजे डेबियन. अमेरिकेंतील इयान मर्डॉक या तरुणानें ऑगस्ट १९९३ मध्यें त्यास आरंभ केला, आणि डेब्रा ही त्याची मैत्रीण, जी पुढें त्याची पत्नी झाली, तिचें नांव आपल्या नांवास जोडून हें नांव ठेविलें. द्वंद्व समासाचें इतकें गोड उदाहरण आमच्या व्याकरणाच्या पुस्तकांत नव्हतें. डेबियनास मालक नाहीं. जगभर पसरलेले सुमारें हजार सभासद व त्यांचे मदतनीस तें चालवितात, आणि आमची सूनबाई ही अशा मदतनिसांपैकीं एक.

तिच्याकडे जें काम आहे तें क्लाउडचें, म्हणजे मेघाचें. नांव काव्यमय असलें तरी वस्तु अगदीं जमिनीवरची आहे. मोठमोठ्या थंड इमारतींत रांगेनें मांडलेलीं यंत्रें, आणि त्यांची शक्ति लागेल तेवढी व लागेल तितका वेळ भाड्यानें घ्यावयाची सोय, याचें नांव मेघ. कोणास आंत घ्यावयाचें, कोणास किती जागा द्यावयाची, कोणाचें सामान कोठें ठेवावयाचें, हा कारभार पाहणारें सॉफ्टवेअर बड्या कंपन्यांपाशीं असतें आणि तें त्या तिजोरींत ठेवितात. २०१० सालीं रॅकस्पेस ही कंपनी व अमेरिकेची अंतराळसंस्था नासा यांनीं आपापलें लिखाण एकत्र करून ओपनस्टॅक या नांवानें खुलें केलें. कोणींही घ्यावें, वाचावें, बदलावें आणि आपला मेघ आपण उभारावा. जिनीव्हाजवळची सर्न ही अणुगर्भाचा शोध घेणारी प्रयोगशाळा २०१३ पासून आपला कारभार त्यावर चालविते. त्याचीं अंगें अनेक आहेत. कीस्टोन हा देवडीवरचा माणूस, तूं कोण असें विचारणारा. नोव्हा यंत्रें वांटून देणारा. सिंडर व स्विफ्ट हीं कोठीघरें. न्यूट्रॉन तारा जोडणारा. दर सहा महिन्यांनीं सर्वांची नवी आवृत्ति निघते आणि तिला रोमन वर्णमालेच्या क्रमानें नांव मिळतें. पहिली ऑस्टिन. २०२२ सालीं झेडपर्यंत येऊन अक्षरें संपलीं तेव्हां पुढच्या वर्षीं त्यांनीं पुन्हां पहिल्या अक्षरापासून आरंभ केला. हें मात्र आम्हांस मनापासून आवडलें.

आतां अडचण कोठें येते ती सांगतों. ओपनस्टॅक मुख्यतः पायथन नांवाच्या भाषेंत लिहिलेलें आहे, आणि त्याच्या प्रत्येक अंगास इतरांनीं लिहून ठेविलेल्या डझनावारी लहान लायब्रऱ्या लागतात. डेबियनची रीत अशी कीं, सबंध संग्रहांत एका लायब्ररीची प्रायः एकच आवृत्ति असावयाची, आणि ज्यास ती हवी असेल त्यानें तीच वापरावयाची. म्हणजे एक चूल. आमच्या वाचकांस याहून अधिक सांगावयास नको. एका चुलीच्या घरांत थोरल्यास झणझणीत आमटी हवी, धाकट्यास साधें वरण हवें, आजोबांस पथ्य. आणि पातेलें एकच. ओपनस्टॅकच्या एका अंगास एखादी लायब्ररी नवीन लागली म्हणून ती बदलावी तर जुनीवर चालणारीं दुसरीं दहा सॉफ्टवेअरें रुसून बसतात. त्या दहांची समजूत घातल्याशिवाय नवी आंत आणतां येत नाहीं. त्यांतून ओपनस्टॅकची आवृत्ति सहा महिन्यांनीं आणि डेबियनची सुमारें दोन वर्षांनीं. सूनबाईच्या रात्री कोठें जातात त्याचा उलगडा आम्हांस येथें झाला.

दुसरा मार्ग नाहीं असें नाहीं, आणि हल्लीं तोच अधिक लोकप्रिय आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच्या सर्व लायब्रऱ्यांसकट एका बंद डब्यांत घालून द्यावयाचें. त्यास कंटेनर म्हणतात. ज्याची त्याची चूल वेगळी, भांडण मिटलें. परंतु एखाद्या लायब्ररींत दोष निघाला तर एका चुलीच्या घरांत तो एकदां दुरुस्त केला कीं सर्वांचें काम भागतें, आणि वेगळ्या चुलींच्या वाड्यांत मात्र, ‘तुमच्याकडे तें पीठ आलें होतें काय हो?’ असें दारोदार विचारीत फिरावें लागतें. या वादांत आम्ही पक्षपाती आहों हें उघड आहे. सूनबाईनें हसत हसत सांगितलें कीं, पगाराच्या नोकरींत ती दिवसभर डबेच भरते.

गांठोड्याची रचना मात्र आम्ही तिला दोनदां विचारून नीट समजून घेतली. मूळ कर्त्यांचें लिखाण एका गठ्ठ्यांत जसेंच्या तसें राहतें. त्यास हात लावावयाचा नाहीं. शेजारीं डेबियन नांवाचा एक कप्पा, आणि बांधणाराचें जें कांहीं लिखाण असेल तें त्या कप्प्यांतच. एका कागदावर, यास आणखी काय काय लागतें तें. दुसऱ्यावर कसें बांधावें तें. तिसऱ्यावर कोणत्या भागावर कोणाचा हक्क व कोणता परवाना तें. चौथ्यावर आजवर कोणीं, कधीं, काय बदललें तें. मुळांत कांहीं दुरुस्त करणें भागच पडलें तर मूळ न खोडतां ती दुरुस्ती वेगळ्या चिठ्ठीवर लिहावयाची आणि बांधतेवेळीं लावावयाची. बांधणी चालली असतां यंत्रानें इंटरनेटवर जाऊन कांहीं उचलून आणावयाचें नाहीं; लागेल तें संग्रहांतूनच घ्यावयाचें. (हें सोंवळें आमच्या कुटुंबास फार पसंत पडलें.) नवें गांठोडें आंत येण्यापूर्वीं कांहीं ठराविक मंडळी त्यांतील हक्क व परवाने वाचून पाहतात. नंतर तें सिड नांवाच्या नेहमीं अस्थिर असणाऱ्या शाखेंत जातें. खेळण्यांच्या एका चित्रपटांतील खेळणीं मोडणारा मुलगा तो सिड. डेबियनच्या आवृत्त्यांचीं नांवें त्याच चित्रपटमालिकेंतील आहेत. तेथें कांहीं दिवस मोठी तक्रार आली नाहीं तर तें पुढील वर्गांत चढतें.

त्या रात्रीं सूनबाईपुढें एक अगदीं लहान लायब्ररी होती. काळवेळेचे हिशेब करणें हें तिचें काम. ओपनस्टॅकचें एक अंग ती नव्यानें मागूं लागलें होतें. अशा प्रत्येक लायब्ररीबरोबर तिच्या कर्त्यांनीं परीक्षा लिहून ठेविलेल्या असतात आणि बांधतांना त्या घेतल्या जातात. शंभरावर परीक्षांपैकीं फक्त एक नापास होत होती, आणि तीही सूनबाईच्या स्वतःच्या यंत्रावरच. डेबियनचीं बांधणीचीं यंत्रें जागतिक वेळेवर चालतात. तेथें तीच परीक्षा पास होत होती. वसंतांत नव्या डेबियनचीं दारें बंद व्हावयाचीं होतीं. ही एक परीक्षा वगळावी अशी ओळ कप्प्यांत लिहिली असती तर काम त्याच रात्रीं संपलें असतें.

‘मग वगळ कीं,’ आम्ही म्हणालों. चौतीस वर्षें परीक्षा घेतलेल्या माणसाच्या तोंडीं हा सल्ला शोभत नव्हता. पण आम्ही तिला झोपवावयास गेलों होतों, आणि आमचे गुडघेही दुखत होते.

सूनबाई क्षणभर थांबली आणि तिनें एक हकीकत सांगितली. ओपनएसएसएल या नांवाचें गुप्त किल्ल्या घडविणारें सॉफ्टवेअर आहे. २००६ सालीं डेबियनांत तें बांधणाऱ्या गृहस्थानें, चुका हुडकणारें एक साधन सारखी तक्रार करितें म्हणून, त्यांतील एक ओळ काढली. ती दोन ठिकाणीं होती. दोन्हीकडे शब्द तेच. त्यानें दोन्ही काढल्या. एके ठिकाणची गेल्यानें कांहीं बिघडत नव्हतें. दुसऱ्या ठिकाणीं मात्र किल्ली कोणास ओळखतां येऊं नये म्हणून जी सरमिसळ करावयाची, ती सारी त्या एका ओळींतून आंत जात असे. त्यानें मूळ कर्त्यांच्या मंडळींत विचारलें होतें. कोणीं हरकत घेतली नव्हती. ओळ गेली आणि सर्व कांहीं पूर्वींसारखेंच चालत राहिलें. किल्ल्या घडत होत्या, कुलुपें लागत होतीं. पण एका प्रकारच्या व एका मापाच्या किल्ल्या आतां फार तर ३२,७६८ निरनिराळ्या निघत, आणि इतक्या तर संगणक बसल्या बैठकीस करून पाहतो. १३ मे २००८ रोजीं हा दोष जाहीर झाला. मधल्या काळांत डेबियनवर आणि त्यावरून निघालेल्या उबंटूसारख्या संग्रहांवर घडविलेल्या किल्ल्या देशोदेशीं टाकून देऊन नव्या कराव्या लागल्या.

‘त्यांचा हेतु वाईट नव्हता, अण्णा,’ ती म्हणाली. ‘ओळ दोनदां आली होती, एवढेंच.’

ओळ दोनदां आली होती हे शब्द ऐकले आणि आम्ही खुर्चीवरून उठूं शकलों नाहीं. जें आम्हीं बंधूंस सांगितलें नव्हतें, कुटुंबास सांगितलें नव्हतें, तें त्या रात्रीं त्या मुलीस सांगितलें.

आमच्या वडिलांची एक वही होती. कुळधर्म, कुळाचार, कोणत्या तिथीस काय करावें, हें त्यांनीं बोरूनें लिहून ठेविलें होतें. ते १९८३ सालीं गेले. वहीस कसर लागली होती, म्हणून पुढच्या वर्षीं आम्हीं ती नवी उतरून काढली. तेव्हां आमचें वय पंचवीस, आणि संस्कृत येतें याचा ताठा त्याहून मोठा. भांडारकर संस्थेंतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयीं नुकतेंच वाचलें होतें. १९१९ सालीं सुरू झालेलें व १९६६ सालीं पुरें झालेलें तें प्रचंड काम. सुकथनकर व त्यांच्या मंडळींनीं बाराशेंहून अधिक पोथ्या ताडून कोणता पाठ मूळचा व कोणता मागाहून घुसलेला तें ठरविलें. लेखकाची नजर घसरून एकच ओळ दोनदां लिहिली जाते, तिला प्रमाद समजावें, हें आम्हांस त्यांतूनच ठाऊक झालें होतें. वडिलांच्या वहींत पितृपक्षाच्या प्रकरणांत ‘एक पान वाढून बाजूस ठेवावें’ अशी ओळ आली होती, आणि चार ओळींनंतर तीच ओळ अक्षरशः पुन्हां. आम्हीं दुसरी गाळली. संशोधन केल्याचा आनंदही झाला. मग जुनी वही, कसर इतर पुस्तकांस लागूं नये म्हणून, नदींत सोडली.

अकरा वर्षें गेलीं. १९९५ च्या पितृपक्षांत चिपळूणच्या आमच्या आत्या आल्या होत्या, वयानें ऐंशीच्या पुढें. पानें मांडलेलीं पाहून त्यांनीं विचारलें, ‘आत्याबाईंचें पान कुठें रे?’ पहिलें पान गाईचें. दुसरें आमच्या आजोबांच्या बहिणीचें. बालपणींच विधवा होऊन त्या माहेरीं परत आलेल्या. पोटीं कोणी नाहीं, मागें कोणी नाहीं. वडिलांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. वडिलांस हें सांगावयास नको होतें, म्हणून त्यांनीं नांव लिहिलें नाहीं. ओळ तेवढी लिहिली. साऱ्या जगांत त्यांची आठवण करणारी तेवढीच एक जागा होती, आणि ती आम्हीं प्रमाद म्हणून खोडली. आम्ही आत्यांस म्हणालों कीं, आज गडबडींत राहिलें. पान वाढलें. पुढें दरवर्षीं वाढलें गेलें, कां तें कोणीं विचारलें नाहीं, आणि आम्हीं वही मात्र दुरुस्त केली नाहीं. दुरुस्त केली असती तर विचारलें असतें.

सुकथनकरांनीं वगळलेलें तळटिपांत व परिशिष्टांत जपून ठेविलें होतें. ज्यास त्यांचा निर्णय पटणार नाहीं त्यास तें आजही काढून पाहतां येतें. आम्हीं वगळणें तेवढें उचललें.

सूनबाई कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें तिनें ती नापास परीक्षा पुन्हां उघडली आणि प्रश्न व उत्तर शेजारीं शेजारीं मांडलें. आंकडे आम्हांसही वाचतां आले. अपेक्षित होते साडेपांच तास, आले होते पांच. लायब्ररीच्या कर्त्यांनीं वेळेचें अंतर नेहमीं पुऱ्या तासांचें असतें असें धरून पुढचा अपूर्णांक टाकून दिला होता. त्यांच्या गांवचें घड्याळ जागतिक वेळेपासून पुऱ्या तासांवरच असावें. जागतिक वेळेवर चालणाऱ्या यंत्रांस हें कधींच दिसलें नसतें. हिंदुस्थानांत मात्र प्रत्येक परवान्याची मुदत अर्धा तास चुकली असती, आणि काठमांडूस पाऊण तास, कारण तेथील अंतर पावणेसहा तासांचें आहे. म्हणजे परीक्षा बरोबर होती.

तिनें दुरुस्ती वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आपल्या कप्प्यांत ठेविली आणि मूळ कर्त्यांस पत्र पाठविलें. उत्तर नऊ दिवसांनीं आलें, दोन ओळींचें. आभार मानून त्यांनीं तिचा बदल मुळांतच घेतला. पुढच्या आवृत्तीबरोबर तिची चिठ्ठी अनावश्यक झाली, आणि तिनें ती काढून टाकली. काढल्याची नोंद मात्र केली. नवें डेबियन ऑगस्ट २०२५ मध्यें निघालें, त्यांत ती लायब्ररी आहे. या सर्व व्यवहारांत तिचें नांव एका ओळींत येतें, तेंही शोधणारास.

तिच्या सासूबाईंचें समाधान झालें असें म्हणतां येत नाहीं. ‘फुकटचें जागरण’ हा त्यांचा शब्द कायम आहे. मात्र रात्रीं जिन्याच्या पायरीवर झांकलेला दुधाचा पेला दिसूं लागला आहे, आणि तो कोण ठेवतें याची चौकशी आम्हीं केलेली नाहीं.

अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं, मिरवणुकीचे ढोल लांबून अजून ऐकूं येत असतां, आम्ही १९८४ सालची वही घेऊन बसलों. जुनें पान फाडलें नाहीं. त्याच्या समोर एक कोरा कागद डकवून त्यावर ती ओळ लिहिली, आजोबांच्या बहिणीचें नांव लिहिलें, पाटल्यांची हकीकत लिहिली, आणि खालीं नोंद केली: ‘ही ओळ मूळ वहींत होती. प्रत करितांना आमच्या हातून, द्विरुक्ति समजून, गाळली गेली. मूळ वही आम्हींच नदींत सोडली असल्यामुळें आणखी काय गळलें असेल तें ताडून पाहण्याचें साधन नाहीं. भाद्रपद शुद्ध १५, शके १९४७. ७ सप्टेंबर २०२५, सकाळीं सव्वासात.’

बंधूंस व घरांतील सर्वांस बोलावून ती वाचून दाखविली. बंधु बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनीं वही कपाळास लावली. सूनबाईनें नोंद पुन्हां एकदां स्वतः वाचली.

‘अण्णा, वेळेपुढें अंतर लिहायचें राहिलें.’

आम्हीं चष्मा पुसला आणि पुढें लिहिलें: अधिक साडेपांच तास.